प्रवरेकाठचा पिंडाश्म : प्रकल्प नोंदी

7 जानेवारी

कामाचा हेतू आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कितीही फाटे फुटले तरी परत यायला जागा राहील. नेवासा परिसरात प्रवरेच्या काठाला गोट्यांचे घट्ट चिकटलेले थर उघडे पडले आहेत. त्यांच्याबद्दल जे लिहिले जाते ते बहुतेक गोट्यांबद्दल. गोटे केवढे, कुठून वाहत आले, त्यांत अश्मयुगीन हत्यारे किती. मला रस आहे तो त्यांना धरून ठेवणाऱ्या द्रव्यात. उभी नोकरी मटेरियल टेस्टिंगच्या प्रयोगशाळेत काँक्रीटचे क्यूब फोडण्यात गेली. खडी बहुधा चांगलीच असते. घोटाळा होतो तो खडी आणि सिमेंटच्या सांध्यावर. तीच नजर इथे लावून पाहायची आहे. चिकटवणारे द्रव्य काय, आले कुठून, साचताना परिस्थिती कशी होती, आणि ढोबळमानाने किती काळ लागला असेल.

भाचा भूविज्ञान घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याचा प्रोजेक्ट आणि माझी हौस, असे मिळून काम. फील्डबुक त्याचे, ही वही माझी.

नमुन्यांचा नियम पहिल्याच दिवशी ठरवला. उभ्या थराला हातोडा लावायचा नाही. दरडीतून सुटून खाली पडलेले ढेकूळ असेल तेच घ्यायचे. पुरातत्त्वाच्या दृष्टीने हे काठ मोलाचे आहेत, आपल्या हौसेपायी त्यांना भोके पाडायचा अधिकार आपल्याला नाही.

12 जानेवारी

पहिली फेरी. गाडी ज्ञानेश्वर मंदिराजवळ लावली. पैस खांबाचे दर्शन झाले. 1290 मध्ये ज्ञानेश्वरी इथे सांगितली गेली, एवढे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. त्याच गावच्या नदीकाठाने भारताच्या प्रागितिहासात नाव कमावले आहे, हे मात्र गावात विचारले तर फार थोडे सांगतील. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया यांनी 1954 ते 56 या काळात नेवाशाला उत्खनन केले. काठच्या गोट्यांच्या थरांत त्यांना खालच्या बाजूला बेसॉल्टच्या हातकुऱ्हाडी मिळाल्या, आणि वरच्या थरात जास्पर, चर्टसारख्या गुळगुळीत दगडांची लहान हत्यारे. जोडीला रानबैलासारख्या मोठ्या जनावरांची अश्मीभूत हाडेही होती.

थराची रचना अशी दिसली. पायथ्याला काळा बेसॉल्ट, नदीने घासून गुळगुळीत केलेला. त्यावर पिंडाश्म, म्हणजे गोलसर गोट्यांचा घट्ट झालेला थर. एके ठिकाणी तो पुरुषभर उंच, शंभर पावले पुढे गेलो तर जेमतेम गुडघ्याएवढा. त्यावर वाळू आणि बारीक गोटे, हाताने उकरता येतील इतपत ढिले. सर्वांत वर तपकिरी गाळाची उंच दरड, तिच्यात चुनखडीचे पांढरे खडे विखुरलेले.

पिंडाश्मावर हातोड्याच्या दांड्याने नुसते ठोकले. खण्ण वाजतो. वरच्या वाळूवर तेच केले तर दांडा रुततो. गोटे दोन्हीकडे सारखेच, मग एकाचा खडक झाला आणि दुसऱ्याचा नाही, असे का? सगळे काम या एका फरकाभोवती फिरणार असे दिसते.

13 जानेवारी

काठापासून थोडे आत एक विहीर आहे, बांधीव नाही, त्यामुळे कडेचे थर उघडे दिसतात. विहिरीचे मालक सत्तरीचे. त्यांनी थर वरून खाली सांगितले ते त्यांच्याच शब्दांत:

“वर काळी रान. मग पांढरं लागतं, चुनखाड. त्याच्याखाली गोटा. गोट्याखाली मांजऱ्या, अन् मग काळा पाषाण. पाणी गोट्यालाच हाय साहेब, पण गोटा फोडता फोडता बाप म्हातारा झाला. पहार उसळती.”

मांजऱ्या म्हणजे पोकळ्यांचा, मऊ बेसॉल्ट. भाच्याने विचारले, “तात्या, सगळीकडे एवढाच कडक होता का?”

“नाय. वरचा हातभर लोखंड. खाली खाली भुसभुशीत.”

ही माहिती सोन्यासारखी. कडकपणा वरून खाली कमी होत जातो. वजनाने दाबून खडक झाला असता तर उलटे दिसले असते, जितके खोल तितके घट्ट. म्हणजे दाब हे कारण नव्हे. घट्ट करणारी गोष्ट वरून उतरली आहे.

19 जानेवारी

गोटे मोजले. दरडीच्या उभ्या तोंडावर मीटरभर चौकोन सुतळीने आखला, दर दहा सेंटिमीटरवर जो दगड येईल त्याची नोंद. बेसॉल्टचे प्रकार सर्वांत जास्त, त्यातही घट्ट दाणेदार बेसॉल्ट अधिक. भेगाळ, पोकळ्यांचा बेसॉल्ट वाहता वाहता वाटेतच पीठ होतो, म्हणून तो कमी. त्यानंतर कॅल्सेडोनी, अकीक, लाल जास्पर. हे सगळे सिलिकेचे गुळगुळीत दगड, बेसॉल्टच्याच पोकळ्यांत आणि भेगांत तयार झालेले, मूळ खडक झिजून गेल्यावर मागे उरलेले.

बहुतेक गोट्यांच्या कडा गेलेल्या. प्रवरा उगम पावते रतनगडाच्या परिसरात, भंडारदऱ्याच्या वर. तिथून इथवर सुमारे 200 किलोमीटरची घसट. त्यात वाटेतल्या ओढ्यांनी आणून टाकलेला नवा दगड मिसळतो, म्हणून प्रत्येक गोटा घाटावरूनच आला असे म्हणता येणार नाही.

चपटे गोटे एकमेकांवर कलून बसले आहेत, कौले घातल्यासारखे. त्यांचा उतार वरच्या अंगाला, म्हणजे प्रवाह ज्या बाजूने येतो तिकडे. पुराने ढकललेला चपटा दगड असाच बसतो, कारण तसा बसला की पुढच्या लाटेला तो उचलता येत नाही. दिशा आजच्या प्रवाहाशी साधारण जुळते.

सर्वांत महत्त्वाचे शेवटी लिहितो. मोजणीत काही गोटे चक्क चुनखडीचे निघाले. पांढुरके, मातकट, बोराएवढे ते सुपारीएवढे, कडा झिजलेले. म्हणजे कुठल्या तरी जुन्या मातीत चुनखडीचे खडे तयार झाले, ती माती पुराने कापली, खडे वाहत आले आणि गोट्यांबरोबर इथे पुरले गेले. या खडकात चुना सिमेंट म्हणून आहेच, शिवाय खडी म्हणूनही आहे.

26 जानेवारी

सुट्टी, म्हणून दोघेही मोकळे. नेवाशाजवळ प्रवरेला मिळणारा चिरकी नाला पाहिला. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात गुद्रुन कोर्विनस या जर्मन संशोधिकेने इथे मोठे उत्खनन केले. अश्युलियन काळातल्या, म्हणजे हातकुऱ्हाडी आणि क्लीव्हर (रुंद, सरळ धारेची दगडी हत्यारे) घडवणाऱ्या माणसांची ही वसतीची जागा.

नाल्यातला मलबा प्रवरेच्या गोट्यांशी ताडून पाहण्यासारखा आहे. इथले दगड कोनेदार. आसपासच्या उतारावरून घरंगळून आलेले, फार वाहिलेले नाहीत. असा कोनेदार मलबा जोडला गेला की त्याला कोणाश्म म्हणायचे, ब्रेशिया. गोलसर गोट्यांचा पिंडाश्म. तुकड्यांच्या कडांवरून प्रवास किती झाला ते कळते, यापलीकडे दोघांत मोठा भेद नाही.

परतताना गाडीत भाच्याने ब्रेशियाचे प्रकार ऐकवले. परीक्षेची तयारी मामाच्या कानावर! लाव्ह्याचा वरचा पापुद्रा थंड होऊन फुटतो, खालचा लाव्हा वाहताच असतो, ते तुकडे त्याच्यावरच घुसळले जातात आणि पुन्हा जोडले जातात. दख्खनच्या लाव्हाथरांच्या माथ्यावर असा ब्रेशिया ठिकठिकाणी सापडतो. मुंबईत कान्हेरीची लेणी ज्वालामुखी ब्रेशियात कोरलेली आहेत. जोगेश्वरीचीही तशीच, आणि तिथले खांब नि मूर्ती किती झिजल्या आहेत ते पाहिले की मऊ दगडाची किंमत कळते. लोणारला उल्का आदळून जवळपास 1.8 किलोमीटर व्यासाचे विवर झाले, तिथल्या ब्रेशियात आघाताने वितळलेल्या बेसॉल्टची काचही आहे. विभंगाच्या, म्हणजे खडक सरकून पडलेल्या भेगेच्या, दोन बाजू घासल्या गेल्या तर भेगेतही ब्रेशिया तयार होतो. तोडणाऱ्या शक्ती इतक्या परीच्या, पण जोडणारी द्रव्ये मात्र मोजकीच: चुना, सिलिका, लोहाची ऑक्साइडे, चिकणमाती, नाहीतर राख. आमच्या प्रवरेकाठी यातले कोणते, ते आता आम्ल सांगेल.

2 फेब्रुवारी

आम्लाची चाचणी. हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात घालून सुमारे दहा टक्क्यांचे केले. आम्ल पाण्यात घालायचे, पाणी आम्लात नाही. भाच्याला सांगितले तर तो म्हणाला, “मामा, हे आठवीत शिकलोय.” तरी चष्मा घालायला लावलाच.

पडलेल्या ढेकळाचा ताजा फुटलेला भाग ब्रशने साफ केला. गोट्यांमधल्या पांढुरक्या भागावर थेंब टाकला की जोरात फसफसते. बेसॉल्टच्या गोट्यावर शांत. कॅल्सेडोनीवर शांत. एका बेसॉल्टच्या गोट्यावर मात्र मधूनच बुडबुडे आले. भिंगाखाली पाहिले तर त्याच्या जुन्या पोकळ्यांत कॅल्साइट, म्हणजे स्फटिकरूपातला चुना, भरलेले होते. तो चुना गोट्याचा स्वतःचा, लाव्हा थंड झाल्यानंतरच्या काळातला, आपल्या थराशी त्याचा संबंध नाही. पुढे रासायनिक विश्लेषण करून घ्यायचे झाले तर असे गोटे आधी वेचून बाजूला काढावे लागतील, नाहीतर आकडे फुगतील.

गोट्यांमधला भाग कुटून, तोलून आम्लात विरघळवला. फसफस थांबेपर्यंत थेंब थेंब वाढवत नेला. गाळून वाळवले. निम्म्याहून थोडे कमी वजन गेले, उरली ती वाळू, बारीक गाळ आणि चिकणमाती. म्हणजे सिमेंट चुन्याचेच.

आता खरा पेच. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात हा चुना आला कुठून? आसपास चुनखडकाचा डोंगर नाही. नजर पोचेल तिथवर बेसॉल्ट. उत्तर बेसॉल्टमध्येच आहे. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये कॅल्शियम ऑक्साइड साधारण दहा टक्क्यांच्या घरात असते, प्लॅजिओक्लेज आणि पायरॉक्सीन या खनिजांत अडकलेले. पावसाचे पाणी मातीतून जाताना मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड पिऊन घेते. मातीतल्या हवेत तो बाहेरच्या हवेपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो. असे आंबट झालेले पाणी खनिजांतले कॅल्शियम सोडवते आणि बायकार्बोनेटच्या रूपात खाली नेते. गोट्यांच्या थरात पोकळ्या मोठ्या, हवा खेळती. तिथे कार्बन डायऑक्साइड निसटतो, पाणी आटते, आणि कॅल्साइट मागे राहते.

म्हणजे खडी आणि सिमेंट दोन्ही एकाच खडकातून आली. एक फुटून, दुसरी विरघळून.

पावसाचा मुद्दाही इथेच येतो. घाटमाथ्यावर बेसॉल्ट याहून जास्त कुजतो, पण तिथे पाऊस इतका की सुटलेला चुना धुऊनच जातो. नेवासा पर्जन्यछायेत, पाऊस वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास. चुना सुटायला एवढा पाऊस पुरतो, वाहून जायला पुरत नाही.

9 फेब्रुवारी

आज फोडाफोडी. माझ्या आवडीचा दिवस.

काँक्रीटचा क्यूब मशीनमध्ये फुटला की पहिल्यांदा काय पाहायचे, तर चीर खडीच्या भोवतीने गेली की खडीतून आरपार गेली. भोवतीने गेली तर सांधा कमजोर. आरपार गेली तर सिमेंट खडीच्या तोडीस तोड.

कडक ढेकूळ घनाने फोडले. तीन तऱ्हा दिसल्या. कुजायला लागलेले बेसॉल्टचे गोटे मधोमध चिरले, आत पिवळट कडी आणि मध्ये काळा गाभा स्पष्ट. ताज्या, घट्ट बेसॉल्टच्या भोवतीने चीर गेली, पण गोटा सहजासहजी सुटला नाही. त्याच्या खडबडीत पाठीला चुन्याचा थर घट्ट बसलेला, काही ठिकाणी चुनाच मधून फाटला. आणि कॅल्सेडोनीचे गोटे मात्र अखंड निसटून हातात आले. मागे जो खळगा उरला तो आतून इतका गुळगुळीत की गोट्यावरच्या बारीक रेघांचे ठसेही चुन्यात उमटलेले दिसतात. खळग्यातून बोट फिरवले तर काचेवरून फिरवल्यासारखे लागते.

गुळगुळीत खडीला सिमेंट धरत नाही, हे प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे सांगत आलो. नदीतली गोल खडी काँक्रीटला चालते, पण तिथे बॉण्ड, म्हणजे पकड, कमी मिळतो. ठेकेदाराला पटायचे नाही. त्याच्यापुढे हा खळगा ठेवायला हवा होता.

16 फेब्रुवारी

फोडलेल्या ढेकळांतून सुटे निघालेले गोटे ओळीने मांडले. चुन्याचा थर सगळीकडून सारखा नाही. एका बाजूला जाड, कधी नखभर, दुसऱ्या बाजूला जवळपास काही नाही. जाड बाजूला चुना थेंबासारखा खाली ओघळून थिजलेला.

निथळणाऱ्या पाण्याचा शेवटचा थेंब गोट्याच्या पोटाशी लोंबतो. तिथेच तो आटतो आणि तिथेच आपला चुना ठेवतो. हजारो पावसाळे असेच. म्हणून ज्या थरातून पाणी निथळून जाते, भरून राहत नाही, तिथे चुना गोट्याच्या खालच्या अंगाला साचतो. थर भूजलात कायम बुडालेला असता तर गोट्याला चारी बाजूंनी सारखे लेपन झाले असते.

याचा एक लगेच उपयोग झाला. आमची ढेकळे पडलेली, त्यांची वरची बाजू कोणती ते कुणास ठाऊक. पण एकाच ढेकळातल्या सगळ्या गोट्यांवर चुना एकाच दिशेला जाड असेल तर ती दिशा खालची. ढेकळे उलटीपालटी करून बसवली, बाण रंगवले. मग चपट्या गोट्यांचा कल पाहिला, तोही दरडीतल्या कलाशी बसला. दोन स्वतंत्र पुरावे एकमेकांना दुजोरा देतात तेव्हा बरे वाटते.

एका ढेकळात मात्र काही गोट्यांवर चुना वरच्या अंगाला. त्यांच्या शेजारच्यांवर खाली. हे गोटे चुन्याचा लेप घेऊनच इथे आले असणार. आधी दुसऱ्या कुठल्या तरी थरात चिकटलेले, पुराने तो थर फोडला, गोटे उलटेसुलटे पडले, पुन्हा चिकटले. 19 जानेवारीला सापडलेल्या चुनखडीच्या खड्यांशी हे जुळते. तुटणे आणि जुळणे एकदाच झालेले नाही.

दरडीचे फोटो घेताना भाच्याला थरात घट्ट बसलेला एक दगड दिसला. बदामाच्या आकाराचा, दोन्ही बाजूंनी छिलके काढलेला, कडा नागमोडी. हातकुऱ्हाड असावी. पट्टी ठेवून फोटो घेतला, जागा टिपली, हात लावला नाही. फोटो पुरातत्त्व शिकवणाऱ्या मॅडमना पाठवायचा आहे.

8 मार्च

थिन सेक्शन तयार होऊन आले. ज्या विभागात काम करून घेतले तिथल्या मॅडमनी आधी ढेकूळ रेझिनमध्ये भिजवून घेतले, नाहीतर कापताना भुगाच हाती आला असता. काचपट्टीवर 0.03 मिलिमीटर जाडीचा काप. एवढ्या जाडीला काळा बेसॉल्टही पारदर्शक होतो.

ध्रुवीकरण सूक्ष्मदर्शकाखाली चुना दोन प्रकारचा दिसतो. पहिला गोट्यांना लागून, करडा, मातकट, कण इतके बारीक की सुटे दिसत नाहीत. हाच लोंबता चुना. दोन गोटे जिथे टेकतात त्या सांध्यातही हाच आहे, आणि त्याचा पोकळीकडचा काठ आत वळलेला, वक्र. निथळून गेल्यावर पाणी शेवटी अडकून राहते ते अशा चिंचोळ्या सांध्यात, पृष्ठताणामुळे. पाण्याचा तो वक्र काठ चुन्यात जसाच्या तसा उतरला आहे. पाणी जाऊन युगे लोटली, त्याची वळणरेषा तशीच.

दुसरा चुना स्वच्छ, मोठ्या स्फटिकांचा. पोकळीच्या काठापासून मध्यापर्यंत स्फटिक मोठे होत गेलेले. हा पोकळी पाण्याने भरलेली असताना वाढतो. तो पहिल्याच्या वर बसलेला आहे, कुठेही खाली नाही. म्हणजे क्रम स्पष्ट: आधी थर निथळता होता, नंतर कधीतरी भूजल वर चढले आणि तो पाण्यात राहिला. खालच्या, भुसभुशीत थरातून आणलेल्या तुकड्यात मात्र पहिला चुना जेमतेम आणि दुसरा मुळीच नाही. विहिरीच्या तात्यांचे “वरचा हातभर लोखंड” सूक्ष्मदर्शकाखाली असे दिसते. उतरणारे पाणी आपला चुना वरच्या हातभर जागेतच टाकून मोकळे होते, आणि पोकळ्या बुजल्या की खाली जायला वाटच उरत नाही. मग दुसरा चुना खाली का नाही? पाणी वर चढले तेव्हा खालचा थरही बुडालाच असणार. वरच्या कडक पाट्याने हवेचा संबंध तोडला, कार्बन डायऑक्साइड निसटायला जागा राहिली नाही, असे मला वाटते. मॅडमना हे पूर्ण पटलेले नाही.

15 मार्च

गॅरेजमध्ये दोन नळ्या उभ्या केल्या. 110 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, तीस सेंटिमीटर उंच, खाली जाळी. दोन्हींत चाळलेले गोटे, 10 ते 20 मिलिमीटरचे. कळीचा चुना विरवून, निवळवून वरचे स्वच्छ पाणी घेतले. एका नळीत निवळी वरून थेंब थेंब सोडायची, निथळू द्यायची, वाळू द्यायची, पुन्हा सोडायची. दुसरी खालून बंद, निवळीने काठोकाठ भरलेली.

इथले रसायन निसर्गातल्यापेक्षा उलटे आहे. निवळी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन चुना टाकते, नदीकाठचे पाणी तो सोडून टाकते. त्यामुळे या प्रयोगातून वेग वगैरे काही कळणार नाही. पाहायचे आहे ते एवढेच की पाणी जिथे अडते तिथेच चुना बसतो का.

तोवर हिशेब. नळीचे घनफळ 2.85 लिटर. मोजपात्राने पाणी भरून पोकळ्या मोजल्या, सुमारे 40 टक्के, म्हणजे 1.14 लिटर. त्या पूर्ण भरायला कॅल्साइट लागेल तीन किलोंहून थोडे जास्त. निवळीच्या एका लिटरमध्ये चुना विरघळतो फक्त 1.7 ग्रॅमच्या आसपास, त्यातून कॅल्साइट मिळेल 2.3 ग्रॅम. म्हणजे एवढीशी नळी भरायला तेराशे लिटरहून जास्त निवळी! सौ. म्हणाल्या, “गॅरेज रिकामं कधी होणार ते सांगा.”

हाच हिशेब थरासाठी. एक मीटर लांब-रुंद-उंच थर, वाळू मिसळलेली म्हणून पोकळ्या 25 टक्के धरल्या. 250 लिटर पोकळी, भरायला सुमारे 680 किलो कॅल्साइट. पावसाचा दहावा भाग, समजा 50 मिलिमीटर, दरवर्षी खाली मुरतो; म्हणजे चौरस मीटरमागे 50 लिटर. प्रत्येक लिटर 0.2 ग्रॅम चुना टाकून जाते असे धरले तर वर्षाला दहा ग्रॅम. सगळ्या पोकळ्या भरायला जवळपास 68,000 वर्षे.

हे आकडे गृहीतके आहेत. आडव्या भूजलाने आणलेला चुना यात धरलेला नाही, कोरडी आणि ओली हवामानचक्रेही नाहीत. पण गोटे नुसते धरून ठेवायला पोकळ्या भराव्या लागत नाहीत, सांधे भरले तरी पुरते. पोकळीचा विसावा भाग जरी सांध्यात गेला तरी थर हाताने उकरता येणार नाही असा होईल, आणि त्याला तीन-साडेतीन हजार वर्षे पुरतील. हातकुऱ्हाडींच्या काळापुढे हे काहीच नाही.

काळाचे मोजमाप करणाऱ्यांनाही हा चुनाच उपयोगी पडतो. चुन्यात अडकलेल्या युरेनियमचे थोरियममध्ये रूपांतर होत राहते, त्यावरून चुन्याचे वय काढतात, आणि गोट्यांचा थर चुन्याहून जुना असणारच. नेवाशाच्या अश्युलियन थरांसाठी या पद्धतीने 3,50,000 वर्षांहून अधिक असे उत्तर आलेले आहे. म्हणजे पद्धतीच्या आवाक्याच्याच जवळपास बाहेर. जुन्नरकडे कुकडीकाठी बोरीला ज्वालामुखीची राख सापडली, तेव्हा वाटले आता तारीख मिळाली. ती राख सुमात्रातल्या टोबाच्या 74,000 वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची की त्याहून फार जुनी, यावर संशोधकांत वाद रंगला. गोट्यांना धरणाऱ्या चुन्याकडे म्हणूनच जास्त लक्ष द्यावे असे माझे मत.

20 एप्रिल

नळ्या उघडल्या. क्यूब 28 दिवसांनी फोडायची सवय, इथे थोडा जास्त वेळ दिला.

भरून ठेवलेल्या नळीत निवळीच्या पृष्ठभागावर पांढरा पापुद्रा, अंड्याच्या कवचाएवढा. खालचे गोटे सुटेच, पाइप उलटा करताच खडखडत बाहेर. पाण्याखाली हवा पोचलीच नाही. 8 मार्चच्या नोंदीत कडक पाट्याबद्दल जे लिहिले त्याला हा पुरावा म्हणता येणार नाही, पण थिन सेक्शनच्या मॅडमना फोटो पाठवला आहे.

निथळत्या नळीचा पाइप उभा कापला. वरचे आठ-दहा सेंटिमीटर एकसंध उभे राहिले. खालचे ढासळले. वरच्या भागाला भिंग लावले तर गोटे जिथे टेकतात तिथे पांढरी कडी, आणि पुष्कळ गोट्यांच्या पोटाला पांढरे ठिपके. कॅल्सेडोनीचे दोन गोटे मुद्दाम घातले होते, ते अंगठ्याने दाबताच निसटले. बेसॉल्टचे खेचावे लागले.

सिमेंट म्हणून हे काही नाही. हातात घेऊन जरा पिळले की भुगा होतो. पण चुना बसला तो थराच्या नियमानेच: वर जास्त, खाली कमी, सांध्यात आधी, पोटाला नंतर.

11 मे

नदीला पाणी अगदी उतरले आहे. प्रवरासंगमापर्यंत जाऊन आलो. जायकवाडीचा फुगवटा मागे हटल्यामुळे एरवी पाण्याखाली असणारे काठ उघडे आहेत. काही ठिकाणी वाळू उपशाने दरडीचा पायथाच पोखरला आहे, वरचा पिंडाश्म अधांतरी लोंबतो. त्याला हात न लावताही तो पडणार. पडलेल्या तुकड्यांवरून आमचे काम भागले, पण थरात अडकलेल्या हत्यारांची जागा एकदा गेली की ती पुन्हा सांगता येत नाही. जिथे धोका दिसला त्या जागांचे फोटो आणि अक्षांश-रेखांश वेगळ्या यादीत ठेवले.

पुरातत्त्वाच्या मॅडमचा निरोप आला आहे. फोटोतला दगड हातकुऱ्हाडच, बहुधा डोलेराइटची (बेसॉल्टसारखाच, पण जरा मोठ्या दाण्याचा दगड). एका बाजूच्या छिलक्यांच्या खाचांत चुना भरलेला दिसतो म्हणाल्या, म्हणजे थर घट्ट व्हायच्या आधीपासून ती तिथे आहे, कुणी नंतर आणून टाकलेली नाही. जागेची नोंद त्या रीतसर पुढे पाठवणार आहेत.

18 मे

भाच्याचा अहवाल सादर झाला. तोंडी परीक्षेत त्याला विचारले की खालच्या थरात स्वच्छ स्फटिकांचा चुना का नाही. त्याने माझे स्पष्टीकरण आणि थिन सेक्शनच्या मॅडमची शंका दोन्ही सांगितले, हे बरे केले.

राहिलेले काम: पावसाळ्यानंतर तात्यांच्या विहिरीतले पाणी दोन पातळ्यांवरून काढून त्यातले कॅल्शियम आणि बायकार्बोनेट मोजायचे. वरच्या पाण्यात कमी आणि खालच्यात जास्त निघाले तर 15 मार्चच्या हिशेबातला 0.2 ग्रॅमचा आकडा दुरुस्त करावा लागेल. चिरकीच्या कोनेदार मलब्याचे एक पडलेले ढेकूळ थिन सेक्शनला पाठवले आहे. त्यावर बाण रंगवलेला नाही, लोंबत्या चुन्यावरून वरची बाजू ओळखून दाखवायची अट भाच्याला घातली आहे. तात्यांना बाटल्या दोन दिल्यात, झाकणावर तारीख लिहायला सांगितली आहे.